एक इंच नकाशातली टेकाडं

ज्यांनी साठच्या दशकात किंवा त्याआधी नोकरी केली, त्यांना 'वन इंच शीट' आठवत असेल. कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल. पुढे मेट्रिक आलं आणि आमच्या हातात १:५०,००० ची शीट पडली, पण सर्व्हे ऑफ इंडियाची खुणांची भाषा फारशी बदलली नाही. देवळालीला उस्तादांनी ती आमच्याकडून घोकून घेतली. देऊळ, विहीर, तारेची लाइन, पक्की सडक, कच्ची सडक. त्यातली एक खूण मात्र बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही, कारण परीक्षेत ती क्वचितच येते. सपाट रानात आखूड रेघांचं किंवा तुटक रेषेचं एक छोटंसं कडं, शेजारी बारीक आकडा आणि त्याला चिकटलेला 'आर'. आर म्हणजे रिलेटिव्ह हाइट, आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची. जुन्या शीटवर '१५ आर' लिहिलं असेल, तर ते टेकाड भोवतालच्या रानापेक्षा १५ फूट उंच.

सह्याद्रीत १५ फुटांच्या उंचवट्याला कुणी विचारत नाही. पंजाब-हरियाणाच्या सपाटीवर तेवढी उंची म्हणजे ओपीची जागा. तिथून चार गावं दिसतात, दिशा धरता येते, शीट जमिनीशी जुळवता येते. सर्व्हेअरनं ते टेकाड टिपलं ते याच हिशेबानं. त्याच्या पोटात काय दडलंय, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. आज शंभर वर्षांनी त्याच खुणा एक संगणकी प्रणाली हजारो चौरस मैलांच्या नकाशांतून वेचून काढते आहे, कारण त्यातल्या कित्येक टेकाडांखाली पुरलेली गावं आहेत. काही तर हडप्पाकालीन, साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

पुरातत्त्व आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय सध्या सगळीकडे ऐकू येतो. त्यातला मला कळतो तो एवढाच भाग, कारण त्यात नकाशा आहे आणि पायी रेकी आहे.

राजस्थानच्या उत्तर टोकाला, सुरतगड ते अनूपगड या पट्ट्यात माझं दोनदा पोस्टिंग झालं. युनिटचं नाव आणि सालं लिहीत नाही, सवयीचा भाग. घग्गर नदी याच पट्ट्यातून जाते. स्थानिक लोक तिच्या पात्राला नुसतं 'नाली' म्हणतात. शिवालिकच्या बाजूनं पावसाचं पाणी आलं तर नाली वाहते, नाहीतर तिच्यात शेती. सीमेपलीकडे तिचं नाव हाकरा आणि तिच्या भोवतालच्या वाळवंटाचं नाव चोलिस्तान. ही नदी म्हणजेच सरस्वती का, हा वाद मोठा आहे. तोफखान्याच्या माणसानं दुसऱ्याच्या फायर प्लॅनमध्ये बोट घालू नये, म्हणून मी तिकडे जात नाही.

या नालीच्या काठांनी 'थेड' आहेत. थेड म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. पंजाबीत तोच शब्द थेह होतो. सिंधीत टेकाडाला दडो म्हणतात, मोहेंजोदडोमधला दडो तोच. मराठी माणसाला मात्र थेड समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत, कारण आपल्याकडे गावाची जमीनच काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली जाते. काळी पिकते, पांढरीवर माणसं राहतात. शेकडो वर्षं एका जागी वस्ती राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडं, खापरं यांनी मातीचा रंगच पालटतो. ओसाड पडलेल्या पांढरीची माती गाड्या भरभरून शेतात टाकायची, नाहीतर धाब्याच्या घरावर पसरायची, ही रीत आपल्या जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे, जोर्वे, इनामगाव इथे जे खणलं, ते अशाच नदीकाठच्या जुन्या वस्त्यांवर.

थेडांपैकी सर्वांत नावाजलेलं कालीबंगा, हनुमानगड जिल्ह्यात. नावाचा अर्थ काळ्या बांगड्या. टेकाडावर बांगड्यांच्या तुकड्यांचा खच पडलेला असे, त्यावरून ते पडलं. इटलीहून आलेले भाषापंडित तेस्सितोरी पहिल्या महायुद्धाच्या काळात बिकानेर संस्थानात काम करत होते, तेव्हा ते या जागी येऊन गेले. १९१९ मध्ये ते बिकानेरलाच वारले. हडप्पा संस्कृती नावाचं काही आहे हे जगाला कळलं १९२४ मध्ये, त्यामुळे आपण काय पाहिलं याचा पत्ता त्या बिचाऱ्याला लागलाच नाही. पुढे १९६० च्या दशकात बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांनी तिथं उत्खनन केलं आणि एक नांगरलेलं शेत सापडलं, हडप्पाच्या नगरांपेक्षाही आधीच्या काळातलं. एका दिशेच्या तासांत सुमारे ३० सेंटिमीटरचं अंतर, तिला काटकोनातल्या तासांत जवळजवळ १.९ मीटरचं. शेजारच्या रानात तेव्हाही शेतकरी तसेच आडवेउभे तास काढत होते, एका दिशेला मोहरी आणि दुसऱ्या दिशेला डाळीचं पीक. मी संग्रहालय पाहून बाहेर आलो तेव्हा मनात तटबंदी राहिली नाही, ते शेत राहिलं.

आता नकाशा आणि पुरातत्त्व यांचं जुनं नातं. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन पलटणीतला अधिकारी. मोजणी करत करत उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये तो आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारा अलेक्झांडर कनिंगहॅम बंगाल इंजिनिअर्सचा, म्हणजे सॅपर. हडप्पाच्या टेकाडाचं पहिलं वर्णन लिहिणारा चार्ल्स मॅसन तर कंपनीच्या तोफखान्यातून पळालेला भगोडा. (आमच्या रेजिमेंटला हा मान मिरवता येणार नाही.) कनिंगहॅम हडप्पाला पुन्हा आला तोवर रेल्वेच्या ठेकेदारांनी तिथल्या विटा उचलून लाहोर-मुलतान मार्गावर खडीऐवजी अंथरल्या होत्या, जवळजवळ शंभर मैल पुरतील एवढ्या. टेकाड सापडणं आणि टेकाड संपणं या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हातात हात घालून चालल्या आहेत.

रेल्वेनंतर आला कालवा. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांनी १९२७ मध्ये गंग कालवा आणला, स्वातंत्र्यानंतर आजचा इंदिरा गांधी कालवा आला. वाळवंट हिरवं झालं, ही लहान गोष्ट नव्हे. त्या पाण्यावर फाळणीत उखडलेली हजारो कुटुंबं उभी राहिली. पण कालव्याचं पाणी सपाट जमिनीवरच खेळतं. पाणी आलं की रान सपाट करावं लागतं, आणि रान सपाट करायचं तर टेकाड आडवं येतं. आधी उंट आणि फळी होती, मग ट्रॅक्टर, आता लेसर लावून सपाटी करणारं यंत्र.

अनूपगडच्या बाजूला एका चकात पाण्याचा टँकर भरून घेताना मी एका म्हाताऱ्या सरदारजींना थेडाबद्दल विचारलं होतं.

"बाबाजी, नकाशात इथं उंचवटा दाखवलाय. दिसत तर नाही."

"पुत्तर, तू त्याच्यावरच उभा आहेस," ते म्हणाले. "माझ्या बापानं अर्धा काढला, अर्धा मी. इथल्या मातीत नरमा जोमानं येतो."

नरमा म्हणजे अमेरिकन कापूस. त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं. बहावलपूरकडून हात हलवत आलेल्या माणसाला पंचवीस बिघे मिळाले होते. त्यांतले दोन बिघे टेकाडाखाली अडकलेले.

याच नदीच्या पलीकडच्या अंगाला काय झालं, ते पाहू. चोलिस्तानात कालवे फार आत गेले नाहीत, त्यामुळे वाळवंट पुष्कळसं उघडंच राहिलं. १९७४ ते १९७७ या काळात पाकिस्तानचे पुरातत्त्वज्ञ रफीक मुघल यांनी जीप आणि उंटांच्या बळावर चारशेहून जास्त जुन्या जागा नोंदवल्या. वाळवंटात काम केलेल्या कुणालाही हा आकडा किती घामाचा आहे ते कळेल. मग २०२० मध्ये हेक्टर ओरेंगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच मुलूख संगणकाला दाखवला, सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर. माहिती दोन युरोपीय उपग्रह मालिकांची होती. एक रडारवाली, जिला जमिनीचा पोत आणि ओल जाणवते. दुसरी वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत छायाचित्रं घेणारी, त्यांतले काही पट्टे माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. एका दिवसाचं चित्र फसवू शकतं, म्हणून काही वर्षांची चित्रं एकत्र केली. मुघलांच्या यादीतल्या पक्क्या जागा संगणकाला नमुना म्हणून दिल्या आणि सांगितलं, अशी माती आणखी कुठं आहे ते शोध.

संगणकानं जे केलं त्याला आपल्या भाषेत पांढरी ओळखणं म्हणतात. फरक एवढाच की आपला म्हातारा एका गावाची पांढरी ओळखतो आणि यानं अख्ख्या वाळवंटाची ओळखली. शेकडो नवी टेकाडं पुढे आली. काही वाळवंटात खूप आत होती आणि पूर्वी माहीत असलेल्या बहुतेक जागांपेक्षा मोठी. अलीकडे थेड, पलीकडे थेड, मध्ये तार. दोन्ही बाजूंच्या जवानांना एकमेकांची जमीन दुर्बिणीतूनच ठाऊक. उपग्रहाला ती सलग दिसते, हे वाचून मला बरं वाटलं आणि थोडं विचित्रही.

हीच युक्ती आपल्या बाजूला तशीच चालत नाही. उघड्या वाळवंटावर शिकलेलं यंत्र कापूस, गहू, भात आणि किन्नूच्या बागांवर आणून सोडलं तर गोंधळणारच. शिवाय टेकाडच उरलं नसेल तर उपग्रहाला दिसणार काय? इथं जुनी शीट कामाला येते. सपाटीकरणाच्या आधी जमीन कशी होती, हे ज्यानं पाहिलं आणि कागदावर उतरवलं तो साक्षीदार एकच, सर्व्हे पार्टी.

बनारस हिंदू विद्यापीठाचे रवींद्र नाथ सिंह आणि केंब्रिजचे कॅमेरॉन पेट्री हे दोघे बरीच वर्षं हरियाणा आणि आसपासच्या भागात मिळून काम करत आले आहेत. त्यांच्या गटानं जुन्या एक इंच शीट स्कॅन करून आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवल्या आणि टेकाडांच्या खुणा एक-एक करून टिपायला घेतल्या. हाताने हे काम किती चालणार? म्हणून पुढच्या टप्प्यात यंत्र शिकवलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात भारत आणि पाकिस्तानातला साडेचार लाख चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख या पद्धतीनं चाळला गेला. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. ४४ आणि ५३ नंबरच्या शीट ज्यांनी हाताळल्यात त्यांना हा मुलूख डोळ्यांसमोर येईल.

शिकवण्याची रीतही ओळखीची वाटली. आधी सोपी उदाहरणं, ती जमली की अवघड. नाशिक रोडच्या सेंटरमध्ये रिक्रूटलाही असंच घडवतात. अवघड म्हणजे काय, तर एका अख्ख्या शीटवर टेकाडाच्या खुणा दोन-चार, कधी एकही नाही, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या खुणा पन्नास. वाळूचा ढिगारा, तळ्याचा बांध, वीटभट्टीचा कचरा, कालव्याच्या खोदाईची माती. शिवाय सगळे सर्व्हेअर एकाच हातानं काढत नसत. कुणी आखूड रेघा मारल्या, कुणी तुटक वळसे काढले, आणि मध्येच गावाच्या नावाचं एखादं अक्षर खुणेवर येऊन बसलं.

त्यामुळे यंत्राच्या यादीला शोध म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती रेकीची यादी आहे. पेरूमधल्या नाझका रेषांचं उदाहरण मोठं बोलकं आहे. तिथं जपानच्या यामागाता विद्यापीठानं आयबीएमच्या मदतीनं यंत्राला हवाई छायाचित्रं दाखवली आणि जमिनीवर कोरलेली ३०३ नवी चित्रं नोंदवली. २०२४ मध्ये ही बातमी जगभर गाजली. तोवर शंभरेक वर्षांत मिळून माहीत झालेली चित्रं ४३० च्या घरात होती. बातमीत न आलेला भाग असा की एक भरवशाची जागा हाती लागण्यासाठी संशोधकांना यंत्रानं सुचवलेल्या सरासरी ३६ जागा तपासाव्या लागल्या, आणि त्यातून उरलेल्या जागांवर जाऊन पायी खात्री करावी लागली. छत्तीस वेळा 'स्टँड टू' आणि एकदा खरोखर हालचाल. नाइट ड्यूटी केलेल्यांना हे प्रमाण वाईट वाटणार नाही.

पायी जाण्याला पर्याय नाही, त्याचं दुसरं कारण काळ. टेकाड हडप्पाचं, कुशाणांचं की दोनशे वर्षांपूर्वी उजाड झालेल्या गावाचं, हे ना उपग्रह सांगतो ना शीट. ते खापर सांगतं. खापर हातात घ्यावं लागतं, त्याची कड पाहावी लागते, मातीचा भाजलेला रंग पाहावा लागतो. कालीबंगाचं नांगरलेलं शेत तर आकाशातून कधीच सापडलं नसतं. ते सापडलं कारण कुणीतरी गुडघ्यावर बसून, लहान करणीनं मातीचा एकेक पदर काढताना रंगातला बोटभर फरक ओळखला.

मग यंत्राचा उपयोग काय? माझ्या मते, वेळेचा. नांगर थांबलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी कुठं काय होतं याची यादी हाती आली, की आज तिथं काय उरलंय हे तपासता येतं आणि जे उरलंय त्यातलं काय आधी वाचवायचं ते ठरवता येतं. यादी नसेल तर काय जातंय हेसुद्धा कळत नाही. संरक्षित स्मारकांची यादी पाहा. केंद्राच्या संरक्षणाखाली साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत, पाट्या आहेत, चौकीदार आहेत. तरी २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याला १८ स्मारकं राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून कमी करण्याचा निर्णय घ्यावा लागला. काही जागेवर नव्हती, काहींचा पत्ता लागत नव्हता. त्यात झाशी जिल्ह्यातली गनर बर्किलची कबर होती. आमच्याच पेशाचा माणूस! यादीत असलेल्या, नाव-गाव लिहिलेल्या कबरीचं हे झालं, तर शीटवरच्या बिनानावाच्या '१५ आर'ला कोण विचारतो?

यादीची एक धास्तीही आहे. जिथं पुरातत्त्वज्ञ पोहोचेल तिथं चोरही पोहोचतो. अचूक अक्षांश-रेखांश खुले केले की मणी आणि मुद्रा शोधणाऱ्यांचं काम सोपं होतं. आणि शेतकऱ्याला नुसतं कळलं की आपल्या रानावर सरकारी खूण पडणार आहे, तर खूण पडायच्या आधी ट्रॅक्टर फिरतो. सगळा ग्रिड रेफरन्स सगळ्यांच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्हालाही तो गरजेपुरताच मिळत असे. पण शेतकऱ्याला त्याच्या दोन बिघ्यांचा रास्त मोबदला न देता थेड वाचेल, यावर माझा विश्वास नाही. बाबाजींच्या जागी मी असतो तर मीही नरमाच लावला असता.

आपल्या ४७ नंबरच्या शीटवर, म्हणजे पुणे-नगरच्या बाजूला, असं यंत्र चालवलं तर काय मिळेल, असं एका दोस्तानं फोनवर विचारलं. मला वाटतं, फार नाही. आपल्याकडे चढउतार इतके की सर्व्हेअरनं एखाद्या पांढरीचा दहा फुटांचा उंचवटा वेगळा काढायची शक्यता कमी. त्याच्यासाठी उंची म्हणजे डोंगर, किल्ला, ट्रिग पॉइंट. पंजाबच्या सपाटीवर शिकलेलं यंत्र इथं आणलं तर त्याला आधी घाट शिकवावा लागेल. आपल्याकडची पांढरी नकाशापेक्षा लोकांच्या तोंडी जास्त आहे. अमक्याची पांढर, जुनं गावठाण, ओसाडगाव.

नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. त्याला ना शीट माहीत होती ना उपग्रह. त्यानं ते वितळवून विकलं असतं, तर कुठल्याही यंत्राला ते पुन्हा सापडलं नसतं.